आचल मेहरेची देहप्रतिमा

आचल मेहरे कुठंही गेली की तिच्या आधी तिचा विनोद आत शिरायचा. "सरका बाप्पा, आमी दोघी आलो, मी अन् माहं पोट," असं म्हणतच ती उंबरा ओलांडायची, आणि खोलीतली माणसं हसत हसत जागा करून द्यायची.

ही सवय तिला चौथीत लागली. अकोटच्या भाजीबाजारात तिच्या वडिलांचं, पंजाबरावांचं, दुकान होतं. घरच्या मळ्यातली वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते तिथं विकायचं. एकदा शाळेतून येताना आचल तिथं थांबली, तर एका व्यापाऱ्यानं गंमत म्हणून तिला मालाच्या काट्यावर उभं केलं. आकडा पाहून आजूबाजूचे सगळे खदाखदा हसले. आचलच्या डोळ्यांत पाणी जमा व्हायला लागलं होतं, तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, दप्तराचं वजन वजा करा नं!" मग जो हशा झाला, त्याची चव वेगळी होती. लोक आता तिच्या बोलण्यावर हसत होते. तिला वाटलं, हे बरं आहे. लोक हसणारच आहेत, तर निदान पहिला शब्द आपला असावा.

तेव्हापासून पहिला शब्द तिनं कोणाला घेऊ दिला नाही. स्नेहसंमेलनात कुंभकर्ण तीच. तिचं घोरणं इतकं गाजलं की शेजारच्या शाळेनं तेवढ्यासाठी तिला मागून नेलं. वडील लाडानं म्हणायचे, "माही लेक म्हंजे भरताचं वांगं. बिया कमी अन् गर जास्त." आचल ते कौतुक स्वतःच गावभर सांगत फिरायची.

पदवी झाल्यावर दर्यापूरकडचं एक स्थळ पाहायला आलं. मुलाच्या आईनं नेहमीचा प्रश्न विचारला, "सयपाकात काय काय येते पोरीले?" आचलनं पोह्यांची बशी पुढं करत म्हटलं, "कराले इचारता का संपवाले?" मुलगा हसला. आई हसली नाही. स्थळ गेलं. आचलची आई, पार्बताबाई, दिवसभर तिच्याशी बोलली नाही, आणि संध्याकाळी म्हणाली, "तुह्या वजनापायी नाही अडून राह्यलं माय, तुह्या जिभेपायी अडून राह्यलं." लग्न जमेपर्यंत पोरगी घरात बसून काय करेल, म्हणून तिला अमरावतीला एम.ए.ला घातलं. विषय समाजशास्त्र. "लग्न जमेपरेंत एम.ए., अशी माही पदवी हाय," हेही ती आपणच सांगायची.

अमरावतीत गाडगेनगरात तिनं एक खोली घेतली. सोबत होती वर्गातलीच अनीसा, अकोल्याची. अनीसा इतकी बारीक की वारा सुटला की आचल तिला गच्चीवर जाऊ द्यायची नाही. दोघी कॉलेजच्या फाटकातून आत आल्या की आचल ओरडून सांगायची, "पाहा, दहा वाजले!" एक अनीसा आणि शून्य आपण. अनीसा हसायची, पण जरा उशिरा.

दुसऱ्या वर्षी शोधनिबंधाचे विषय वाटायला काळमेघ मॅडम वर्गात आल्या. पोरांनी बचतगट, मोबाइल, स्थलांतर असे सुटसुटीत विषय पटापट उचलले. शेवटी उरला 'देहप्रतिमा आणि सौंदर्याचे आदर्श'. मॅडमनी तो वाचला आणि वर्ग गप्प झाला. मान न वळवता सगळा वर्ग कसा एका माणसाकडे पाहू शकतो, हे आचलला तेव्हा कळलं. तिनं हात वर केला.

"मॅडम, मले द्या. माल घरचाच हाय."

वर्ग बाकं वाजवून हसला. काळमेघ मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फक्त नाव लिहून घेतलं.

आचलनं काम जोरात सुरू केलं. ग्रंथालयातून मोठमोठे शब्द गोळा केले आणि पहिल्या प्रकरणात ते पिशवीत शेवगाठी भरावी तसे खच्चून भरले. बाजारपेठ स्त्रियांना स्वतःच्या देहाची लाज कशी वाटायला लावते आणि त्या लाजेवर पावडरी, मलमं, पट्टे कसे विकते, यावर तिनं असा काही अंगार ओकला की लिहिताना तिलाच घाम आला. घाम पुसून ती उठली आणि लिंबू-मध टाकलेलं कोमट पाणी प्यायली, कारण ती त्याची वेळ होती. त्यानंतर दारात पार्सलवाला आला. वजन उतरवण्याच्या पावडरीचा डबा तिनंच मागवला होता. निबंधात ती बाजाराशी लढत होती आणि बाजार दारात उभा राहून तिची सही मागत होता.

अनीसाचंही तेच, फक्त उलट्या दिशेनं. तिनं वजन वाढवायची पावडर आणली होती. दोन्ही डबे सारखेच, काळ्या झाकणाचे, एकाच फळीवर. आचल रोज सकाळी डोळे अर्धे मिटून दोन चमचे दुधात टाकायची. बरेच दिवस गेल्यावर तिचा कुर्ता काखेत उसवला, तेव्हा तिनं डब्यावरची अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली.

"अनीसा, तू कोनता डबा खाऊन राह्यली?"

"वो... सामनेवाला."

"सामनेवाला माहा हाय वं!"

दोघी खाली फरशीवर बसल्या आणि पोट दुखेपर्यंत हसल्या. मग आचल राजापेठेतून गिला वडा घेऊन आली, आणि दोघींनी तो दह्यासकट निमूटपणे संपवला.

मुलाखतींसाठी दोघी आधी अकोल्याला गेल्या. अनीसाची आई, शकीलाचाची, बैदपुऱ्यात घरच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. भुवया कोरून घ्यायला, मेंदी लावायला मोहल्ल्यातल्या बाया तिथं दिवसभर येत. आचलला वाटलं, याहून चांगली जागा कुठं मिळणार. तिनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बायांचा संकोच जावा म्हणून नेहमीप्रमाणे आपल्यापासून सुरुवात केली. "मी दिसण्यावर अभ्यास करते. म्हंजे कसं, हत्तीनं चड्डीच्या फॅशनवर करावा तसा."

बाया खूश झाल्या. संकोच इतका गेला की पुढचा सगळा वेळ त्यांनीच आचलला प्रश्न विचारले. "थायरॉइड देखा क्या?" "रात को चावल खाती?" "घरी कोनी असंच हाय का?" एकीनं दालचिनी सांगितली, दुसरीनं उपाशीपोटी लसूण. शकीलाचाचीनं तर शेवयांची वाटी हातात देऊनच शेवया सोडायला सांगितल्या. एक पोरगी आरशासमोर मेंदी सुकवत बसली होती. पुढच्या आठवड्यात तिचं लग्न होतं. ती मधेच काही म्हणाली, पण आचल तेव्हा लसणावर विनोद करण्यात गुंतली होती.

तिथून ती अकोटला घरी गेली. घरी तिच्याकडे एक खास नमुना होता, रागिणी वहिनी. मोठा भाऊ चंदन याची बायको. मेहरेंच्या घरात इतकी देखणी सून पूर्वी आली नव्हती. लग्नाच्या पंगतीत बाया जेवायचं सोडून तिच्याकडे पाहत होत्या. आचलनं मनाशी हिशेब केला की सौंदर्याच्या आदर्शावर लिहायचं तर एक आदर्श घरातच आहे, जाण्यायेण्याचा खर्चही नाही. अंगणात मेथी निवडत बसलेल्या वहिनीसमोर तिनं फोन ठेवला. पार्बताबाई शेजारीच होती. चंदन चपला शोधत ये-जा करत होता. मुलाखत हसतखेळत झाली.

अमरावतीला परतल्यावर तिनं सगळं रेकॉर्डिंग काळमेघ मॅडमपुढे ठेवलं. मॅडमनी विभागातल्या टेबलावर फोन ठेवून ते मोठ्यानं लावलं. थोडं ऐकून त्यांनी विचारलं, "ही मुलाखत कोणाची?"

"माह्या वहिनीची, मॅडम. रागिणी मेहरे."

"मला तर यात आचल मेहरेच ऐकू येते आहे. वहिनी कुठं आहेत?"

आचल हसली. मॅडमनी रेकॉर्डिंग जरा मागं नेलं आणि पुन्हा लावलं. मेथीच्या जुड्या सोडल्याचा आवाज आला. मग रागिणीचा, अगदी हळू: "मले तं आता आरशासमोर उभं राह्याचंच..." आणि लगेच त्यावर आचलचा दणदणीत आवाज: "तुले काय होते वैनी, आरसा लाजत असन! आमी उभं राह्यलो का आरसा म्हंते, बाई, अर्धी अर्धी ये!" मग आईचं हसणं, चंदनचं हसणं. त्या हसण्याच्या खाली कुठंतरी रागिणीचंही. तिचं वाक्य पुढं कुठंच पूर्ण झालेलं नव्हतं.

मॅडमनी अकोल्याचं लावलं. तिथंही तेच. मेंदीवाली पोरगी म्हणत होती, "मेरे को तो ये फोटो का डर लगता..." आणि त्यावर लसूण येऊन पडला.

आचलचे कान गरम झाले. स्वतःचा आवाज एवढा मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं. आजवर तिला वाटत होतं, आपण विनोद करतो म्हणजे समोरच्याला मोकळं करतो. ऐकताना दिसत होतं की समोरची बाई मोकळी व्हायला लागली की आपण धावत जाऊन दार लावून घेतो.

"पुन्हा जा," मॅडम म्हणाल्या. "आणि जाताना हे तोंड इथं माझ्या कपाटात ठेवून जा."

"कपाटात मावणार नाही, मॅड..." एवढं बोलून आचल थांबली.

पुढच्या रविवारी अकोटच्या एसटीत खिडकीशी बसून ती गप्प राहण्याची तालीम करत गेली. अंजनगावपर्यंतच ती दमली. शेजारच्या बाईनं "जरा सरकता का?" म्हटलं, तेव्हा जिभेवर आलेलं उत्तर तिनं दातांखाली धरलं आणि नुसती सरकली.

या वेळी तिनं वहिनीला गच्चीवर नेलं. तिथं मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि दुसरं कोणी नव्हतं. "मांगच्या वेळी तू आरशाचं काही सांगत होती," एवढंच म्हणून ती थांबली. रागिणीनं आधी तिच्याकडे संशयानं पाहिलं. नणंद आता हसवणार, म्हणून ती वाट पाहत राहिली. नणंद काही बोलली नाही. बराच वेळ मिरच्या इकडच्या तिकडं करून झाल्यावर रागिणी बोलायला लागली.

"तुमच्या घरून सारे मले पाहाले आले होते, आठवते? कोनीच काही इचारलं नाही मले. ना शिक्शन, ना सयपाक. आई म्हने, इचाराचं काय, दिसते नं. मले तवा लई बरं वाटलं, आचलताई. अभ्यास न करता पास झाल्यावानी. मंग लग्न झालं, पोरगी झाली, शाळेत बी जाऊन राह्यली ते. आजून कोनी मले काहीच इचारत नाही."

आचलच्या जिभेवर पहिला विनोद आला. तिनं तो गिळला.

"बाळंतपनानंतर केस गेले माहे. गालावर हे वांगाचे काळे डाग आले, पाहा. पाव्हने आले का आई म्हंतात, जरा पावडर लावून ये. पयले म्हनत नव्हत्या. मले आरशात पाहून वाटते, एवढी एकच गोष्ट होती माह्यापाशी, तेबी चालली. तुमाले लोक हासतात, म्हंता तुमी. पन वांग्याचं बी कोनतं घ्याचं, हे तुमचे बाबा अमरावतीले फोन लावून तुमालेच इचारतात. मले भाजीत मीठ किती टाकाचं तेबी कोनी इचारलं नाही."

यावर तर आचलकडे एक पक्का विनोद तयार होता: मग घे माही अक्कल अन् दे तुहं तोंड, वजन मी वरून फुकट देते. तो घशापर्यंत आला. तिनं वाळत घातलेली एक मिरची उचलली आणि देठापासून चावली. डोळ्यांतून पाणी आलं. रागिणीला वाटलं, नणंद आपल्यासाठी रडते आहे. तिनं पदरानं तिचे डोळे पुसले. आचलनं ते पुसू दिले, आणि मग मिरची कुठली आणि खरं रडणं कुठलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"एकदा मीबी इनोद करून पाह्यला होता," रागिणी म्हणाली. "पंगतीत, तुमच्यावानी. कोनी हासलंच नाही. हे म्हने, तुले नाही शोभत."

त्या दिवशी आचल खाली उतरली तेव्हा संध्याकाळच्या भाकरी व्हायच्या होत्या, आणि तिला भूक नव्हती. पार्बताबाईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

नंतर ती अकोल्यालाही पुन्हा गेली. मेंदीवाली पोरगी सासरी गेली होती. लग्नाआधी तिला कोणत्या फोटोची भीती वाटत होती, ते आता विचारायला मिळणार नव्हतं. ती जागा निबंधात रिकामी राहिली. शकीलाचाचीशी मात्र ती जेवणानंतर निवांत बसली आणि बहुतेक ऐकतच राहिली. खोलीवर परतून तिनं अनीसाला विचारलं, "ते 'दहा वाजले' म्हंते मी, तुले कसं लागते?" अनीसा म्हणाली, "लागते." आणि पुढं, "पर तू खुद को भी बोलती ना, तो मैं क्या बोलूँ?"

लिहायला बसल्यावर मॅडमनी सांगितलं की संशोधक म्हणून स्वतःबद्दलही एक प्रकरण लिही. आचलनं ते एका बैठकीत लिहिलं, आणि ते इतकं विनोदी झालं की अनीसा वाचता वाचता खाटेवरून घसरली. मॅडमनी लाल पेनानं एकेक विनोद काढायला लावला. शेवटी एक पान उरलं. भाजीबाजार, काटा, आणि डोळ्यांत पाणी जमलेली चौथीतली पोरगी. ते पान वाचून अनीसा हसली नाही. आचलला ते पान अजिबात आवडलं नाही. तिनं ते तसंच ठेवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक सडपातळ प्राध्यापक आले. डोक्यावरचे उरलेले केस त्यांनी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत काळजीपूर्वक नेले होते. त्यांनी निबंधाचं नाव वाचलं, मान वर करून आचलला पाहिलं, पुन्हा नाव वाचलं आणि मिश्कीलपणे म्हणाले, "विषय अगदी योग्य निवडला हं तुम्ही. स्वानुभवाचा!"

आणि ते हसण्याची वाट पाहायला लागले.

आचलचं तोंड आपोआप उघडलं होतं. तिनं ते मिटलं. ती रागावली नाही की रडवेली झाली नाही. नुसती त्यांच्याकडे पाहत बसली, रागिणीकडे पाहिलं होतं तशी, पुढं काय म्हणतात ते ऐकायला. काळमेघ मॅडम खिडकीबाहेरच्या कडुनिंबाचा अभ्यास करत होत्या. प्राध्यापकांनी घसा साफ केला. कागद सरळ केले. सरळ असलेले कागद पुन्हा सरळ केले. "म्हणजे... माझा अर्थ असा की... बरं, मुलाखतींची निवड तुम्ही कशी केली?" आणि परीक्षा सुरू झाली.

सगळं झाल्यावर आचल उठत होती तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ते पुरुषांमध्ये, केस वगैरे जातात, त्याचा मनावर होणारा परिणाम... त्यावर काही सापडलं का वाचताना?"

"नाही सर," आचल गंभीरपणे म्हणाली. "ती माझ्या अभ्यासाची मर्यादा आहे."

बाहेर आल्यावर मॅडमनी पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जड गेलं का गं?"

"मॅडम, तेवढ्या वेळात चार विनोद तोंडात आले होते. चारही गिळले," आचल म्हणाली. "असं राह्यलं तं वजन कसं उतरन माहं?"

या वेळी काळमेघ मॅडम हसल्या.

गुण बरे पडले, फार नाही. बांधलेली प्रत घेऊन ती अकोटला गेली. पार्बताबाईनं ती हातात घेऊन अंदाज घेतला आणि म्हणाली, "वर्सभर बसून एवढुसं? लईच बारीक झालं माय." आपल्या कुठल्यातरी गोष्टीला जन्मात पहिल्यांदा कोणी बारीक म्हटलं, म्हणून आचलनं ते वाक्य आईकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

रागिणीनं स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून सगळं वाचलं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी ती वाचत होती. मग ती प्रत घेऊन बाहेर आली. चेहरा लाल झाला होता.

"आचलताई, हे मी नाही म्हनलं."

"काय?"

"हे. 'माझ्या अस्तित्वाची दखल घेतली जात नाही.' मी कवा म्हनलं असं?"

"तुह्या बोलन्याचा अर्थ तोच होते, वैनी. अन् नाव बदललं हाय तुहं, कोनाले समजत नाही."

"नाव बदला नं. पन मी म्हनलं होतं, कोनी मले काहीच इचारत नाही. मले तुमी इचारलं, मी सांगतलं, अन् तुमी हे लिवलं. खोडा ते."

बांधून, शिक्का मारून झालेली प्रत होती. आचल पुष्कळ बोलली, की विद्यापीठात अशीच भाषा चालते, की मॅडमनीही हे तपासलं आहे. रागिणी ऐकायला तयार नव्हती. शेवटी आचलनं पेन घेतलं, सोफ्यावर सरकून वहिनीला शेजारी जागा करून दिली, 'अस्तित्व' खोडलं आणि वर रागिणीचे शब्द जसेच्या तसे लिहिले. रागिणीनं वाकून अक्षर न् अक्षर तपासलं. मग तिनं पान उलटलं.

"अन् हे पाहा," ती म्हणाली, "हेबी मी नाही म्हनलं."